बँकॉक ते होई आन: मित्रांच्या गटाने शहरे आणि प्राचीन मंदिरे पाहण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सात जण, महाविद्यालयापासूनचे मित्र-मैत्रिणी, आता वयाने पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. फेब्रुवारीत बारा दिवसांची रजा जमवून आम्ही थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम या तीन देशांतील मोजकी ठिकाणे पाहिली. परत आल्यापासून ओळखीचे गट तेच तेच प्रश्न विचारत असल्यामुळे उत्तरे एके ठिकाणी लिहून ठेवली आहेत. व्हिसाचे नियम आणि प्रवेशशुल्क बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी ते अधिकृत संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्यावेत.

तुमचा मार्ग नेमका कसा होता?

मुंबईहून बँकॉकला थेट विमानाने साधारण साडेचार तास लागतात. बँकॉकमध्ये दोन रात्री, थायलंडची जुनी राजधानी अयुध्या इथे एक, कंबोडियातील सिएम रीपमध्ये (अंगकोरची प्राचीन देवळे याच गावाजवळ आहेत) चार, मध्य व्हिएतनाममधील होई आनमध्ये तीन आणि परतताना पुन्हा बँकॉकमध्ये एक रात्र, असा आमचा हिशेब होता. तिन्ही देशांतील घड्याळ भारतापेक्षा दीड तास पुढे असते, त्यामुळे एकदा काटे फिरवले की परत येईपर्यंत त्यांना हात लावावा लागत नाही.

पहिल्या आराखड्यात लाओसमधील लुआंग प्रबांग, कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह आणि व्हिएतनामची राजधानी हनोईही होते. कागदावर ते फार सुरेख दिसत होते. मग एकीने प्रत्येक शहराच्या पुढे विमानतळावर आणि बसमध्ये जाणारे तास लिहून काढले, तेव्हा बारा दिवसांतले जवळपास पाच दिवस सामान ओढण्यात जाणार असल्याचे दिसले. तीन शहरे तिथल्या तिथे खोडली. त्याचा पश्चात्ताप झाला नाही, फक्त नॉम पेन्हविषयी थोडी हळहळ आहे. तिचे कारण पुढे येईल.

कोणत्या महिन्यात जावे?

कंबोडिया आणि मध्य थायलंडसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा आणि त्यातल्या त्यात थंड काळ असतो. एप्रिलमध्ये ऊन असह्य होते आणि साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो. होई आनच्या किनाऱ्याचे गणित मात्र वेगळे आहे. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडतो आणि थू बोन नदी जुन्या गावाच्या गल्ल्यांत शिरते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीला जोडून हा संपूर्ण मार्ग करू नये. तिन्ही ठिकाणांना मानवणारा काळ म्हणजे फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा. व्हिएतनामी नववर्षाचे, म्हणजे तेतचे दिवस तेवढे टाळावेत. ते जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कधीतरी येतात. त्या वेळी दुकाने बंद असतात आणि गाड्या भरलेल्या असतात.

भारतीय पारपत्रावर व्हिसाचे काय?

थायलंडने १५ जुलै २०२४ पासून भारतीय पर्यटकांना ६० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली. ही सवलत कायमची आहे असे समजू नये. त्याशिवाय मे २०२५ पासून प्रत्येक प्रवाशाला आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते मोफत आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले की ते बनावट समजावे. परतीच्या वाटेवर पुन्हा बँकॉकमध्ये उतरत असाल तर हे पत्र पुन्हा भरावे लागते, ही गोष्ट गटातले निम्मे लोक विसरतात. कंबोडियाचा पर्यटक व्हिसा ऑनलाइन किंवा विमानतळावर मिळतो आणि तिथेही आगमनाची ऑनलाइन नोंद करावी लागते. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलरला मिळतो. अर्जात नाव पारपत्रावर जसे आहे तसेच, त्याच क्रमाने लिहावे.

पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, हे वाक्य सगळ्यांनी वाचलेले असते आणि कोणीच आपले पारपत्र उघडून पाहत नाही. आमच्यातील एकाची मुदत पाच महिने काही दिवस उरली होती, हे निघण्याच्या तीन आठवडे आधी केवळ योगायोगाने लक्षात आले. तत्काळ नूतनीकरण झाले, पण जुन्या क्रमांकावर काढलेल्या व्हिसाचे शुल्क बुडाले. तिकिटे काढण्याच्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या पारपत्राच्या शेवटच्या तारखेचे छायाचित्र गटावर टाकावे.

बँकॉकहून अंगकोरला रस्त्याने जाता येते का?

पूर्वी अरण्यप्रथेत–पोईपेत या नाक्यावरून बसने जाण्याची पद्धत होती. जुलै २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या सैन्यांत सीमेवर लढाई झाली, नाकी बंद झाली आणि डिसेंबरमध्ये पुन्हा चकमकी उसळल्या. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून बसची योजना आखू नये. विमानाचाच विचार करावा. सिएम रीपचा नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला असून तो गावापासून सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. सात जणांसाठी आधीच गाडी ठरवलेली असली की रात्री उतरल्यावर घासाघीस करावी लागत नाही.

गट किती जणांचा असावा आणि पैशांचा हिशेब कोणी ठेवावा?

चारच्या पटीत असावा, असे आता आमचे मत झाले आहे. कंबोडियातील टुकटुकमध्ये, म्हणजे मोटारसायकलला जोडलेल्या छपराच्या गाडीत, चौघे नीट बसतात. आम्ही सात असल्याने दोन गाड्या घ्याव्या लागल्या आणि तिघांच्या गाडीत कोणी बसायचे यावर रोज सकाळी गंमतशीर राजकारण झाले.

पैशांसाठी आम्ही भिशीसारखा एक समाईक डबा केला. प्रत्येक देशात उतरल्यावर सगळ्यांनी सारखी रक्कम घालायची आणि त्यातून गाडी, पाणी, चहा, शहाळी यांचा खर्च करायचा. जेवण आणि खरेदी ज्याची त्याची. खजिनदार एकच असावा आणि त्याला हिशेब लिहायचा कंटाळा नसावा. कंबोडियात अमेरिकन डॉलर सर्रास चालतात आणि सुट्टे पैसे तिथल्या रिएलमध्ये मिळतात. एका डॉलरला साधारण ४,००० रिएल. मात्र डॉलरची नोट कोपऱ्यात जराशी जरी फाटलेली असली तरी दुकानदार ती परत करतो, म्हणून मुंबईतून नोटा घेतानाच पारखून घ्याव्यात. व्हिएतनामी डाँगमधील शून्ये मोजताना पहिल्या दिवशी प्रत्येकाची फजिती होते. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर असतात. अंधारात पैसे देऊ नयेत.

दुसरी गोष्ट पैशांइतकीच महत्त्वाची. दिवसातला निदान अर्धा वेळ गट फोडायचा, असे निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे. एखाद्याला शिल्पांसमोर दोन तास बसायचे असते आणि एखाद्याला वीस मिनिटांत नारळपाणी हवे असते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. ठरावीक वेळी ठरावीक दाराशी भेटायचे एवढे पाळले की रुसवेफुगवे होत नाहीत.

बँकॉकमध्ये दोन दिवसांत काय पाहावे?

नदीकाठची तीन ठिकाणे पुरेशी आहेत: राजवाडा आणि त्याच्या आवारातील वाट फ्रा केओ (इथे ‘वाट’ म्हणजे देऊळ), वाट फो, आणि नदीपलीकडचे वाट अरुण. राजवाड्याचे ५०० बाहत थोडे जास्त वाटतात, पण वाट फ्रा केओच्या ओवऱ्यांतील रामकियेनची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ चित्रे पाहिली की ते वसूल होतात. वाट फोमधील पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ मंगलचिन्हे कोरली आहेत, आणि मूर्तीमागच्या ओळीने मांडलेल्या १०८ भांड्यांत नाणी टाकणाऱ्यांचा जो सतत किणकिण आवाज चालू असतो, तो मूर्तीपेक्षाही जास्त दिवस कानात राहतो. वाट अरुण हे नाव मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

राजवाड्याबाहेर कोणी सभ्य गृहस्थ येऊन ‘आज बंद आहे, मी तुम्हाला दुसरे देऊळ दाखवतो’ म्हणाला, तर हसून पुढे जावे. तो ज्या टुकटुकमध्ये बसवतो ती शेवटी रत्नांच्या दुकानापाशी थांबते.

सुवर्णभूमी विमानतळावर पारपत्र तपासणी ओलांडून गेल्यावर समुद्रमंथनाचे प्रचंड रंगीत शिल्प आहे. परतीच्या विमानापूर्वी ते पाहावे असे आम्ही सुचवू, कारण तोवर तुम्ही याच प्रसंगाचे नऊशे वर्षांपूर्वीचे रूप अंगकोरला पाहिलेले असेल.

अयुध्येला मुक्काम करावा की बँकॉकहून जाऊन-येऊन पाहावे?

मुक्काम करावा. अंतर सुमारे ८० किलोमीटरच आहे आणि साध्या गाडीचे तिसऱ्या वर्गाचे तिकीट वडापावच्या किमतीत मिळते, त्यामुळे बहुतेक जण सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. नेमके त्यामुळेच संध्याकाळी पाचनंतर आणि सकाळी नऊच्या आत ते गाव रिकामे असते. इ.स. १३५१ मध्ये स्थापन झालेली ही राजधानी ब्रह्मी सैन्याने १७६७ मध्ये जाळून उद्ध्वस्त केली. तिचे नाव अयोध्येवरूनच आलेले आहे. तीन नद्यांनी वेढलेल्या सपाट बेटावर ही सगळी देवळे विखुरलेली असल्याने सायकल हे सर्वांत सोयीचे वाहन.

वाट महाथात येथे झाडाच्या मुळांनी कवटाळलेले बुद्धाचे मस्तक आहे. त्याच्याबरोबर छायाचित्र काढताना आपले डोके बुद्धाच्या डोक्यापेक्षा खाली राहील असे बसावे लागते आणि तिथला पहारेकरी त्याबाबत काटेकोर असतो. सूर्यास्तासाठी नदीकाठचे वाट चायवत्थनाराम निवडावे. १६३० मध्ये उभारलेल्या त्या देवळाचा आराखडा उघडच ख्मेर, म्हणजे प्राचीन कंबोडियाच्या वळणाचा आहे, त्यामुळे पुढच्या मुक्कामाची ओळख इथेच सुरू होते.

अंगकोरसाठी किती दिवस ठेवावेत आणि कोणता पास घ्यावा?

एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२ डॉलर असा दर आहे. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, सलग तीन दिवस जावे लागत नाही. आम्ही तोच घेतला आणि मध्ये एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवला. हा विश्रांतीचा दिवस काढून टाकण्याचा मोह होतो, काढू नये. तिसऱ्या देवळानंतर डोळे दगडाकडे बघतात, पण त्यांना काही दिसत नाही.

पास अधिकृत संकेतस्थळावर किंवा गावातील तिकीटघरात घ्यावा. त्यावर तुमचे छायाचित्र असते, म्हणून दुसऱ्याचा पास चालत नाही. अंगकोर वाट पहाटे पाचला उघडते. इतर बहुतेक देवळे साडेसातला उघडून संध्याकाळी साडेपाचला बंद होतात.

सूर्योदय पाहायलाच हवा का?

एकदा पाहावा, पण त्याच्यासाठी जीव टाकू नये. चार वाजता उठून, अंधारात विजेरीच्या उजेडात खंदक ओलांडून, डाव्या हाताच्या तळ्याकाठी शेकडो माणसांच्या कोपरांतून पाच शिखरांचे प्रतिबिंब पाहायचे, असा तो सोहळा आहे. ढग असले तर तेवढेही नाही.

खरा फायदा त्यानंतरचा. सूर्य वर आला की गर्दी न्याहारीसाठी परत फिरते. त्या वेळी तुम्ही सरळ आत शिरून ओवऱ्यांकडे गेलात तर तास-दीड तास शिल्पपट जवळजवळ एकट्याने पाहता येतात. आमच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, म्हणून आम्हाला न्याहारीसाठी परतावे लागले नाही. संपूर्ण प्रवासातला आमचा सर्वांत हुशारीचा निर्णय तोच म्हणावा लागेल.

भिंतींवरची शिल्पे मार्गदर्शकाशिवाय समजतात का?

हा प्रश्न मराठी वाचकाने विचारू नये, असे गमतीने म्हणावेसे वाटते. कीर्तनात, आजीच्या गोष्टींत, पाठ्यपुस्तकांत ज्याने महाभारत आणि रामायण ऐकले आहे, त्याला या ओवऱ्या वाचता येतात. इतर देशांतील पर्यटक मार्गदर्शकाच्या तोंडून ज्यांची नावे पाठ करत असतात, ती पात्रे आपल्या ओळखीची असतात. आमच्या मते भारतातून गेलेल्या प्रवाशाचे हेच खरे भांडवल आहे आणि दोन तासांत देऊळ उरकणारे गट तेच वाया घालवतात.

अंगकोर वाट दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधले. त्याचे मुख पश्चिमेला आहे. पश्चिमेच्या ओवरीत उजवीकडे, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला वळले की कुरुक्षेत्र लागते. एका टोकाकडून कौरव, दुसऱ्या टोकाकडून पांडव चालत येतात. कडेला सैनिक शिस्तीत पावले टाकतात आणि मध्याकडे जावे तसतशी हातघाई दाट होत जाते. शरपंजरी पडलेले भीष्म शोधावेत, ते सापडतात. अर्जुनाचा सारथी चार हातांचा कोरला आहे, म्हणजे शिल्पकाराने कृष्ण कोण हे सांगण्याची सोय करून ठेवली आहे. हात पोहोचतील तेवढ्या उंचीवर दगड घासून काळाकुळकुळीत चमकतो. इतक्या पिढ्यांनी त्याला स्पर्श केला आहे. आता मात्र हात लावू नये.

पूर्वेच्या ओवरीतील समुद्रमंथन सुमारे ४९ मीटर लांब आहे. डावीकडे असुर, उजवीकडे देव, मध्ये विष्णू आणि त्याच्याखाली मंदराचा भार पेलणारे कासव. सगळ्यांचे गुडघे एकाच कोनात वाकलेले आहेत आणि वासुकीला धरलेले हात एका लयीत ओढत आहेत, त्यामुळे चालत पुढे गेले की पट हलतो आहे असा भास होतो. खालच्या समुद्राकडे अवश्य वाकून पाहावे. कडेच्या भागात मासे आणि मगरी आरामात पोहत आहेत. रवीच्या जवळ मात्र त्याच माशांचे घुसळणीने तुकडे झालेले आहेत. आमच्यातील एका स्वयंपाकात तरबेज मित्राचे लक्ष पहिल्यांदा तिकडेच गेले.

आता कोडे. देवांच्या बाजूला, वासुकीच्या शेपटीशी एक मोठा वानर उभा आहे आणि तो सामान्यतः हनुमान मानला जातो. आपल्या कथेप्रमाणे कूर्मावतार कुठे आणि मारुती कुठे! यावर आमच्यात तिथेच अर्धा तास वाद झाला. ख्मेर शिल्पकारांनी कथा आपल्याकडून घेतली, पण ती त्यांच्या दरबारात त्यांच्या पद्धतीने सांगितली जात होती, एवढे लक्षात ठेवले की असे धक्के आनंदाचे होतात.

मार्गदर्शक घ्यावा तो इतिहासासाठी, कथेसाठी नव्हे. परवानाधारक मार्गदर्शक एक दिवस घेऊन उरलेले दोन दिवस आपले आपण फिरलो, ते बरे झाले.

अंगकोर वाटशिवाय कोणती देवळे चुकवू नयेत?

बायॉन आणि बांते स्रेई ही दोन. बायॉन सातव्या जयवर्म्याचे, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरचे आणि बौद्ध. वर चढले की प्रत्येक शिखरावरून मिटल्या ओठांनी हसणारे चेहरे चहूकडून दिसतात. पण बहुतेकांच्या नजरेतून सुटतात त्या बाहेरच्या भिंती. तिथे देव जवळपास नाहीतच. बाजारातील कोळीण, कोंबड्यांची झुंज, चूल फुंकणारा माणूस आणि शेजारच्या चंपा राज्याच्या सैन्याशी सरोवरावर झालेली नौकांची लढाई आहे. चंपाचे सैनिक डोक्यावरच्या उलट्या फुलासारख्या शिरस्त्राणावरून ओळखता येतात. ते मनात ठेवावे, कारण पुढे व्हिएतनाममध्ये याच लोकांची देवळे पाहायची आहेत.

बांते स्रेई गावापासून तासाभराच्या अंतरावर आहे. गुलाबी वालुकाश्मातील हे लहानसे शिवमंदिर शके ८८९ मध्ये, म्हणजे इ.स. ९६७ मध्ये प्रतिष्ठापित झाले. ख्मेर शिलालेखांतील कालगणना शक संवत्सराची असते, म्हणजे आपल्या पंचांगावर छापलेलीच. तिथे एका त्रिकोणी ललाटावर कैलास हलवणारा रावण आहे. ज्यांनी वेरूळचे सोळावे लेणे पाहिले आहे, त्यांनी दोन्ही रावणांची तुलना करावी. वेरूळचा रावण डोंगराच्या अंधारातून जोर लावतो. इथला जणू नाट्यमंचावर उभा आहे आणि वर ऋषी, गण, प्राणी घाबरून माना वळवत आहेत.

या देवळाच्या बाहेरच्या कोटापाशी आमचा रत्नागिरीचा मित्र अचानक थांबला आणि म्हणाला, ‘अरे, हा तर आपला जांभा!’ खरोखर जांभाच आहे. अंगकोरच्या देवळांचे पाये, कोट आणि वाटा बऱ्याच ठिकाणी जांभ्याच्या आहेत आणि शिल्पांसाठी वालुकाश्म वापरला आहे. त्यानंतर तो प्रत्येक देवळात आधी पायथा पाहत असे.

ता प्रोम, म्हणजे झाडांनी गिळलेले देऊळ, सगळेच पाहतात आणि पाहावेच. सकाळी उघडताच जावे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग तिथे दोन दशकांपासून कंबोडियन यंत्रणेबरोबर जतनाचे काम करत आहे. झाड काढले तर भिंत पडते आणि ठेवले तरी पडू शकते, अशा पेचातून काढलेले मार्ग तिथे जागोजागी दिसतात.

नॉम पेन्ह का वगळले?

वेळेअभावी. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात शके ६०५ चा एक शिलालेख आहे, ज्यात शून्य एका टिंबाने लिहिलेले आहे. जगातील शून्याच्या अतिशय जुन्या खुणांपैकी ती एक. आमच्या गटात दोघे गणिताचे शिक्षक आहेत, त्यांनी अजून आम्हाला माफ केलेले नाही. शिवाय तुओल स्लेंग हे एकेकाळचे शाळेचे आवार, जिथे १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीत तुरुंग आणि छळकेंद्र होते, ते पाहिल्याशिवाय आजचा कंबोडिया अर्धाच समजतो. मुले बरोबर असतील तर आधी विचार करावा.

‘मी सन’ काय आहे आणि तिथे जाणे सार्थ आहे का?

या नावावर मराठी गटात एकदा हसून घ्यावे आणि मग जरूर जावे. होई आनपासून सुमारे ४० किलोमीटरवर डोंगरांच्या वाटीत चंपा राज्याची शिवमंदिरे आहेत. चौथ्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत ती बांधली जात होती. इथल्या शिवाचे नाव भद्रेश्वर. विटांमधला सांधा इतका बारीक आहे की त्यात पातेही शिरणार नाही. अंगकोर पाहून आलेल्याला आकाराने ही देवळे लहान वाटतील, म्हणून शक्य असल्यास मार्गाचा क्रम उलटा करावा, असे आता वाटते.

ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत इथली सर्वांत देखणी वास्तू कोसळली. गवतातील मोठाले खड्डे त्या बॉम्बचे आहेत. भारतीय पुरातत्त्व विभागाने अलीकडच्या वर्षांत इथल्या तीन समूहांचे जतन केले आणि त्याच कामात मे २०२० मध्ये नवव्या शतकातील अखंड वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. दा नांगच्या चाम शिल्पसंग्रहालयात इथल्या उत्तमोत्तम मूर्ती आहेत, तेव्हा ते आधी पाहावे.

होई आनमध्ये तीन रात्री जास्त होत नाहीत का?

देवळांच्या आठ दिवसांनंतर होत नाहीत. दिवसा सायकल, सकाळी बाजार, संध्याकाळी कंदिलांचा उजेड. शिंपी दोन दिवसांत कपडे शिवून देतात. पहिल्याच दिवशी माप द्यावे म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो. जपानी पुलावर संध्याकाळी मुंगीला वाट मिळत नाही, सकाळी साडेसहाला तोच पूल तुमच्या एकट्याचा असतो.

शाकाहारी मंडळींची सोय होते का?

होते, पण ‘मांस नको’ एवढे सांगून होत नाही, कारण माशाचे पाणी आणि कोळंबीची पेस्ट यांना स्वयंपाकी मसाला समजतात. थायलंडमध्ये ‘जे’ हा शब्द वापरावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसतो आणि त्या जेवणात कांदा-लसूणही नसतो. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ लिहिलेली खानावळ शोधावी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास तिथे अनेक लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे पदार्थांची विविधता वाढते. कंबोडिया त्यातल्या त्यात अवघड आहे, कारण प्रहोक नावाची आंबवलेल्या माशांची चटणी बऱ्याच पदार्थांत असते. सिएम रीपमध्ये भारतीय उपाहारगृहे आहेत, पण आमच्या दोघी शाकाहारी मैत्रिणींनी मेतकूट-भातावर जास्त विश्वास ठेवला.

कपडे आणि देवळातील वागणूक याबाबत काय पाळावे?

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. ओढणी गुंडाळून भागत नाही. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जाताना आमच्यातील एकाला अर्ध्या चड्डीमुळे खाली बसून राहावे लागले. बुद्धमूर्तीकडे पाय पसरून बसू नये आणि स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये.

गुडघे दुखणाऱ्या किंवा वयस्कर व्यक्तींना हा प्रवास झेपेल का?

झेपेल, पण वर चढण्याचा आग्रह सोडावा. अंगकोरच्या ओवऱ्यांतील सर्व शिल्पपट पहिल्याच मजल्यावर आहेत. वरच्या मजल्यावरची चढण उभी आहे आणि शेजारी बसवलेला लाकडी जिनाही सोपा नाही. उन्हाचा त्रास मात्र सगळ्यांनाच होतो. जलसंजीवनीची पाकिटे, डासांसाठी मलम आणि प्रवासविमा या तीन गोष्टींवर वाद नको. दूरच्या, जंगलातल्या देवळांत पायवाट सोडून आत शिरू नये. कंबोडियात भूसुरुंगांचा प्रश्न अजून पूर्ण संपलेला नाही.

एकूण खर्च किती आला?

विमाने, व्हिसा, पास, दोघांत एक खोली, गाड्या आणि जेवण धरून माणशी साधारण एक लाख वीस हजार रुपये. होई आनच्या शिंप्याकडचा खर्च यात नाही. तो कोणीच खरा सांगितला नाही.

एक दिवस जास्त मिळाला असता तर कुठे घातला असता?

अंगकोर वाटच्या दक्षिणेच्या ओवरीत. तिथे स्वर्ग आणि नरकांचा पट आहे: रेड्यावर बसलेला अठरा हातांचा यम, त्याच्यापुढे चित्रगुप्त, आणि खाली ३२ नरक, प्रत्येकाचे नाव दगडात कोरलेले. तिसऱ्या दिवशी आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा सव्वापाच वाजले होते. दोन नरक पाहून झाले असतील-नसतील, तोच पहारेकऱ्याने शिटी वाजवली आणि सगळ्यांना बाहेर काढायला सुरुवात केली.